फोटो काढण्यास सक्त मनाई आहे

जामनेरच्या माणसाला जगातल्या कुठल्याही रेल्वेचं कौतुक सांगा, तो शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "पण पीजे ती पीजे!" पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. अडीच फुटी रुळांवरची ही धाकटी गाडी १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली आणि शतकभर वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावं घेत, छप्पन्न किलोमीटर रमतगमत जामनेरला येत राहिली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत देशातल्या सगळ्याच गाड्या थांबल्या. बाकीच्या पुन्हा निघाल्या. पीजे बसली ती बसलीच. आता तो मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत न्यायचं मंजूर झालं आहे. म्हणजे गाडी येईल, पण ती पीजे नसेल.

गाडी गेल्यावर गावाला तिच्या फोटोंची आठवण झाली. घरोघर आल्बम उघडले गेले. त्यांत बारशी होती, मुंजी होत्या, ताजमहालाच्या पडद्यापुढं उभी राहिलेली जोडपी होती. पीजे मात्र क्वचित. बाहेरगावचे रेल्वेचे शौकीन येऊन फोटो काढून गेले. आम्ही त्यांना लिंबू सरबत पाजलं आणि पाहत बसलो. याचं एक कारण असं, की रोजच्या गाडीचा फोटो कोण काढतो? दुसरं कारण जरा गंभीर आहे. रेल्वेचा फोटो काढला की पोलीस धरतात, असं आम्हांला लहानपणापासून पढवलेलं होतं.

आमच्या मामांना तर तसा अनुभवच होता. त्यांच्याकडे आगफाचा क्लिक-थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यामुळे मामा बटण दाबण्यापूर्वी गृहकर्ज मंजूर करणाऱ्या मॅनेजरइतका विचार करीत. मावशीचं लग्न लावून वऱ्हाड परतत असताना एका मोठ्या जंक्शनवर (नाव कशाला सांगा!) त्यांनी नव्या जोडप्याला डब्याच्या दारात उभं केलं. एवढ्यात एक खाकी गृहस्थ आले.

"ओ भाऊ, फोटो बंद! शत्रूला माहिती जाते."

"कसली माहिती?"

"गाडीच्या वेळेची."

"अहो, ती वेळापत्रकात छापलेली असते. स्टॉलवर विकत मिळतं."

"वेळापत्रकात खरी वेळ कुठं असते?"

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा उघडून रोल उन्हात ओढला गेला. त्या रोलवर लग्नाचे सात फोटो होते आणि त्यांतल्या एकात आजोबा हसत होते. आजोबा पुढच्या पावसाळ्यात गेले. घरात त्यांचा जो फोटो टांगला आहे, तो एका ग्रुपफोटोतून कापून मोठा केलेला आहे. डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी कान आला आहे.

मी कॉमर्सचा पदवीधर. कायद्याशी माझा संबंध चेक न वटण्यापुरता. तरी त्या कानाखातर मी मुळाशी जायचं ठरवलं.

मूळ सापडलं ते इंग्रजांच्या दप्तरात. सरकारी गुपितांचा पहिला कायदा १८८९ चा. लॉर्ड कर्झन यांनी १९०४ साली तो आणखी आवळला. लष्करी गुपितांबरोबर मुलकी कारभारही त्यांनी झाकणाखाली घेतला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात उभं राहून विरोध केला तो आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. तोफखाना आणि मामलेदार कचेरी यांना एकाच पंगतीला बसवू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. कर्झनसाहेबांनी ऐकून घेतलं आणि कायदा पास केला. पुढं १९२३ मध्ये नवा कायदा आला. साहेब गेला, कायदा राहिला. आजही तोच चालू आहे.

त्या कायद्यात 'निषिद्ध स्थळ' अशी एक चीज आहे. लष्करी ठाणी, दारूगोळ्याचे कारखाने ही आपोआप निषिद्ध. तिथं शत्रूच्या उपयोगाचं रेखाटन केलं, तर चौदा वर्षांपर्यंत आत. हे मला मान्य आहे. आमच्याच जिल्ह्यात भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत. त्यांच्या फाटकापुढं उभं राहून कुणी सेल्फी काढू म्हणालं, तर मीच त्याचा हात धरीन. पण रेल्वेचं काय? कायदा म्हणतो, रेल्वे निषिद्ध केव्हा? तर केंद्र सरकारनं तसं खास जाहीर केलं तर. म्हणजे भारतातलं प्रत्येक फलाट, त्यावरच्या वडेवाल्यासकट, या कायद्यानं जन्मतः गुपित नाही. मामांच्या रोलवर जे ऊन पडलं ते कायद्याचं नव्हतं, सवयीचं होतं.

सवयीलाही कारण असतं, हे कबूल. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर अशा तीन लढाया ज्यांनी पाहिल्या त्यांना पुलावरचा प्रत्येक कॅमेरेवाला हेर वाटला, तर नवल नाही. आणि भीती खोटीही नव्हती. डेव्हिड हेडली २००६ ते २००८ या काळात मुंबईत वारंवार आला आणि पाहुण्यासारखा हिंडत ठिकाणांची चित्रफीत काढून गेला. त्याला कुठलीही पाटी आडवी आली नाही. पाटी वाचतो तो तुमच्या-आमच्यासारखा. हेराला ती वाचता येत नाही, असं दिसतं.

आता याच खात्याची दुसरी बाजू बघा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा 'मुंबई मिरर'चे सेबॅस्टियन डिसूझा समोरच्या कचेरीतून कॅमेरा घेऊन स्टेशनात धावले. हातात रायफल घेतलेल्या कसाबचा तो फोटो त्यांचा. पुढं त्यांनी कोर्टात साक्ष दिली आणि ते फोटो पुराव्यात आले. स्टेशनाचा फोटो देशाला घातक, असं आपण इतकी वर्षं ऐकत आलो. देशाच्या सर्वांत उपयोगी पडलेल्या फोटोंतला एक स्टेशनातच निघाला.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनंही २००४ साली फोटोबंदीचा घाट घातला होता. लोकांनी एवढी ओरड केली, की २००५ मध्ये तो गुंडाळावा लागला. आपण ओरडत नाही. आपण कॅमेरा पिशवीत घालतो.

पण बंदी लोकांना मुळीच पटत नाही, असंही नाही. पहूरहून पुढं अजिंठा आहे. लेण्यांत फ्लॅश मारायला मनाई आहे, कारण प्रखर उजेडानं रंग खराब होतात. हे कारण एकदा कळलं, की शाळेच्या सहलीतलं पोरही दुसऱ्याला दटावतं. पटलेल्या नियमाला पोलीस कमी लागतो.

आमच्या बँकेतही पाटी आहे: 'छायाचित्रण निषिद्ध.' पाटीच्या वर कॅमेरा आहे. तो गिऱ्हाइकाचा फोटो दिवसभर काढतो, गिऱ्हाइकानं त्याचा काढायचा नाही. परवा पहूरच्या एका आजीबाईंनी विचारलं, "भाऊ, तो माझा फोटो काढतो, तर मला एक प्रत मिळंल का? घरात माझा एकबी नाही." मी नियमपुस्तिका चाळली. आजीबाईंसाठी तिच्यात कलम नव्हतं.

रुंद रुळांवरची पहिली गाडी जामनेरला येईल, तेव्हा नव्या स्टेशनवर नवी पाटीही कदाचित येईल. लावायची तर खुशाल लावावी. फक्त खाली दोन ओळी वाढवाव्यात: कुठल्या कायद्यानं, आणि कशासाठी. रंगाचा खर्च फार येणार नाही. आमचं गाव वर्गणी काढील.