जुन्या गाडीच्या इंजिनाचा मूळ रंग कसा शोधतात?

विंटेज गाडीचं बॉनेट उघडलं की जाणकारांची नजर आधी इंजिनाच्या रंगावर जाते. रंग चुकीचा दिसला की लगेच शंका येते : हे इंजिन याच गाडीचं आहे, की मागाहून बसवलेलं? या शंकेचा परिणाम गाडीच्या किमतीवर होतो. अमेरिकेतील ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी’सारख्या संस्था तर गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, तशीच आहे का, हे पाहून गुण देतात. त्यात इंजिनाचा रंगही आला.

इंजिनाला रंग का देत असत?

जुन्या इंजिनांचा ब्लॉक बहुधा बिडाचा असे. बीड उघडं राहिलं की गंजतं, म्हणून रंगाचा थर. शिवाय प्रत्येक कंपनीचा रंग ठरलेला असल्याने इंजिन लांबूनही ओळखू येई. शेवरोलेचं १९५५ पासूनचं व्ही-८ इंजिन म्हणजे नारिंगी, हे समीकरण अनेक वर्षं टिकलं. १९७७ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या सामाईक निळ्या रंगाने त्याची जागा घेतली. क्रायस्लरचं ४२६ स्ट्रीट हेमीही नारिंगीच, पण त्याची छटा वेगळी. जॅग्वार ई-टाइपच्या ३.८ लिटर इंजिनाचं हेड सोनेरी असे.

एकच गाडी, वेगळं वर्ष, वेगळा रंग

फोर्ड मस्टँगचं २८९ व्ही-८ हे याचं उत्तम उदाहरण. १९६५ च्या मॉडेलमध्ये साध्या २८९ चा ब्लॉक काळा, तर टॅपेट कव्हर आणि एअर क्लीनर सोनेरी असत. १९६६ च्या मॉडेलपासून फोर्डने निळा रंग आणला आणि तेच इंजिन निळं झालं. म्हणजे नुसतं ‘मस्टँगचा रंग द्या’ म्हणून काम भागत नाही.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मॉडेलचं वर्ष आणि कॅलेंडरचं वर्ष एक नसतं. १९६६ च्या मॉडेलचं उत्पादन १९६५ च्या ऑगस्टमध्येच सुरू झालं होतं. फोर्डच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख संकेतात असते : आधी वर्षाचा शेवटचा अंक, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. ‘५के१२’ म्हणजे १२ ऑक्टोबर १९६५ (‘आय’ हे अक्षर वगळलेलं असल्याने ‘के’ म्हणजे दहावा महिना). असा ब्लॉक १९६६ च्या मॉडेलचा, म्हणजे निळा. मात्र ‘५’ हा अंक १९७५ चाही असू शकतो. दशक कोणतं, हे ब्लॉकवरच्या कास्टिंग नंबरवरून ठरवावं लागतं.

मूळ रंग कुठे सापडतो?

वरचा रंग उष्णता, ऑइल आणि पेट्रोलने बदललेला असतो. अनेकदा त्यावर नंतर दुसरा रंगही मारलेला असतो. मूळ रंग झाकलेल्या जागी टिकतो :

- इंजिन फाउंडेशनच्या ब्रॅकेटखाली
- डायनॅमो किंवा अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमागे
- डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पखाली
- वर्षानुवर्षं ऑइल-मातीचा थर बसलेल्या कोपऱ्यात

हा थर सॉल्व्हंटने हळूहळू काढतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासून धूळ उडवणं टाळावं. हातमोजे आणि योग्य मास्क हवाच.

रंग जुळवताना

एकाच नावाचे डबे वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर छटा वेगळी निघू शकते. म्हणून थेट इंजिनावर न मारता आधी लोखंडी पट्टीवर नमुना काढतात. तो पूर्ण वाळल्यावर मूळ रंगाशेजारी धरून आधी उन्हात आणि मग ट्यूबलाइटखाली पाहतात, कारण एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्या उजेडात वेगळा दिसू शकतो. रंग मोजणारं स्पेक्ट्रोफोटोमीटर मदत करतं, पण त्यासाठी स्वच्छ आणि सपाट तुकडा लागतो. शिवाय पिवळट पडलेला नमुना दिला, तर यंत्र तोच पिवळटपणा मोजून देतं.

रंग उष्णता सहन करणारा इंजिन इनॅमलच असावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फार तापतं, त्यावर हा रंग टिकत नाही. चकाकीही पाहावी लागते. कारखान्यात रंग भराभर फवारला जाई, त्यामुळे आरशासारखं चकचकीत इंजिन अनेकदा मूळपेक्षा ‘जास्त चांगलं’ दिसतं आणि तिथेच गुण जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक

इंजिन गॅरेजमध्ये उतरवलं की लगेच सँडब्लास्टिंगला पाठवलं जातं. ब्लॉक स्वच्छ होतो, पण मूळ रंगाचा शेवटचा पुरावाही जातो. म्हणून आधी फोटो, मग कास्टिंगचे नंबर, मग रंगाचे नमुने आणि त्यानंतरच ब्लास्टिंग, हा क्रम पाळावा. रंग पुन्हा मारता येतो, पण पुसलेला पुरावा परत मिळत नाही.