गेडेसचा अहवाल आणि इंदूरचे ओटले

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरचा दोन खंडांचा अहवाल दिला. जुन्या गल्ल्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढायचे, हा त्या काळचा सरधोपट उपाय. गेडेस यांचा कल वेगळा: पडकी घरं तेवढी काढा, मोकळ्या जागेत झाड लावा, बाकी वस्ती राहू द्या.

मी इंजिनियर. रस्त्याची रुंदी मला कळते; बंब आत यायलाच हवा. पण ओटल्याचाही हिशेब मांडायला हवा. रस्त्यापासून एक-दोन पायऱ्या, वर छज्जाची सावली. गुडघे धरलेल्या आजीला तेवढं चालवतं. भाजीवाला तिथेच थांबतो, येणारा-जाणारा "काय आजी, जेवण झालं का?" विचारतो. एक दिवस ती दिसली नाही, तर शेजारी कडी वाजवतात.

राजवाड्याच्या आसपास रस्ते रुंद करताना घरांचे दर्शनी भाग पाडले गेले. त्यात ओटले आधी गेले. घर उरलं, म्हातारं माणूस आतल्या खोलीत गेलं.

वाड्यांच्या नोंदी करताना आपण कोरीव खांब मोजतो. ओटल्याची लांबी, पायरीची उंची आणि तिथे कोण बसायचं, हेही लिहून ठेवू या. सांगणारे अजून आहेत, तोवरच.