दोन ताऱ्यांभोवतीची वायूची चकती लंबगोल का होते?

दोन तारे, सारख्याच वजनाचे, एकमेकांभोवती अगदी गोल फिरतायत. बाहेरून वायूच्या चकतीचा वेढा. चकतीची आतली कड कशी असेल? 'गोल', असंच मी म्हटलं असतं. पण सिम्युलेशन पुरेसा वेळ चालू ठेवलं की ती लंबगोल होते. मला आधी हा कोडमधला बग वाटला. बग नाहीये. 2008 मध्ये मॅकफेडन आणि मिलोसाव्ल्येविच यांना कृष्णविवरांच्या अशाच जोडीभोवती हेच दिसलं होतं.

होतं असं. तारे जवळचा वायू हुसकावतात आणि मधे पोकळी पडते. तिची त्रिज्या दोघांमधल्या अंतराच्या साधारण दोन-तीन पट. कडेवरून वायूच्या धारा आत ओढल्या जातात. थोडा वायू तारे गिळतात, उरलेला गोफणीतल्या दगडासारखा फेकला जाऊन समोरच्या कडेवर आदळतो. आता कड एका बाजूला किंचित जरी आत आली, तरी तिथून जास्त धारा निघतात, समोर जास्त मार बसतो आणि समोरची बाजू आणखी बाहेर सरकते. तिरकेपणा स्वतःच स्वतःला वाढवतो. (ताऱ्यांच्या तीन फेऱ्यांत वायूची एक फेरी होते तिथला अनुनादही हे करू शकतो. कोणाचा वाटा किती, यावर वाद आहे.)

खरी गंमत पुढे आहे: हा आकार टिकतो कसा? मध्ये एकच तारा नसल्यामुळे प्रत्येक लंबगोल कक्षा हळूहळू स्वतःच वळत जाते, आतली भराभर, बाहेरची सावकाश. मी घरी लॅपटॉपवर नुसते सुटे कण घेऊन पाहिलं, तर थोड्या वेळात सगळं विस्कटलं. कारण माझ्या कणांना दाब नव्हता. वायूला असतो. झुकझुक गाडी खेळताना पुढच्याचा शर्ट धरलेला असतो ना, तसं दाबामुळे शेजारची कडी एकमेकांना सोडत नाहीत. सगळा लंबगोल एकत्र वळतो. एका वळणाला ताऱ्यांच्या शेकडो फेऱ्या लागतात.

याने फरक काय पडतो? 2011 मध्ये सापडलेला केप्लर-16बी घ्या. त्याचे दोन सूर्य 41 दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि तो 229 दिवसांत दोघांभोवती. इतक्या जवळ, अशा ढवळलेल्या चकतीत दगड एकमेकांवर जोरात आपटतात, चिकटण्याऐवजी फुटतात. म्हणून तो लांब तयार होऊन आत सरकला आणि पोकळीच्या कडेशी थांबला, असं बरेच जण मानतात. पण सिम्युलेशनमधली पोकळी फार मोठी आणि लंबगोल निघाली, की त्यातला ग्रह खऱ्यापेक्षा बाहेरच अडकतो.