रक्ताची कुपी

पुण्या-मुंबईच्या आप्तांचे पवनेकाठी यायचे ठरले की एक प्रश्न हमखास येतो. "पिऊन गाडी चालवताना सापडलं तर दंड किती हो?" उत्तर दोन ओळींचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा झाला.

पण मंडळी, या दोन ओळी लिहून व्हायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. आणि त्यातला बराच इतिहास जुन्या मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात घडला. दारू वाईट की चांगली, हा त्यातला प्रश्न नव्हताच. प्रश्न होता तो हा, की अमका माणूस प्यायला होता हे कोर्टात सिद्ध कसे करायचे?

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ११७ होते. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका जो नशेत असेल, तो गुन्हेगार. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण 'इतका' म्हणजे किती? मोजमाप नव्हते. शिपायाने पाहायचे, डॉक्टरने वास घ्यायचा, जमिनीवरच्या सरळ रेषेवरून चालून दाखवायला सांगायचे. थोडक्यात, नाक आणि डोळे हीच तपासणीची यंत्रे.

मग आला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते तो काळ. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. आता गाडी चालवणे राहिले बाजूला, परवान्याशिवाय नुसते पिणे हाच गुन्हा ठरला. या कायद्याला बलसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. कायदा मोठ्या प्रमाणात टिकला, पण मद्यार्क असलेल्या औषधांना लावलेली बंदी न्यायालयाने रद्द केली.

बरोबर चार दिवसांनी, २९ मे १९५१ च्या रात्री, मुंबईत कुलाब्याला एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारे होते बेहराम खुर्शीद पेसिकाका. आणि हे कोण? तर मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी! म्हणजे लोकांना गाडी चालवण्याचे परवाने देणाऱ्या खात्याचेच तिथले प्रमुख. त्यांना सेंट जॉर्ज इस्पितळात नेले. डॉक्टरांनी लिहिले ते असे, की तोंडाला मद्याचा वास आहे, डोळे लाल आहेत, पण बोलणे सुसंगत आहे, सरळ रेषेत चालता येते. काही तरी मद्यार्कयुक्त घेतले आहे, मात्र अंमल चढलेला दिसत नाही.

पेसिकाकांचा बचाव असा, की मी बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले होते, वास त्याचा. खालच्या कोर्टाने सोडले. उच्च न्यायालयाने दारूबंदीच्या गुन्ह्यात दोषी धरून एक महिना सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ती शिक्षा रद्द केली. तर्क सरळ होता. औषधावरची बंदी बलसारा निकालाने गेलेली आहे. मग पोटात गेले ते औषध नव्हते, दारूच होती, हे सरकारने दाखवले पाहिजे. नुसत्या वासावरून ते कळत नाही.

ही पळवाट म्हणायची का न्याय? मला वाटते दोन्ही. निरपराध माणसाच्या बाजूने उभे राहून पाहिले तर निकाल योग्यच आहे. खोकल्याचे औषध घेतलेल्या माणसाला केवळ वासावरून तुरुंगात कसे टाकणार? पण सरकारच्या बाजूने पाहिले तर आता ज्याच्या त्याच्या हाती टॉनिकचे कारण आले.

म्हणून १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. संशयिताला डॉक्टरकडे नेऊन रक्त घ्यायचे आणि ते सरकारी रासायनिक परीक्षकाकडे पाठवायचे. शंभर भागांत ०.०५ किंवा त्याहून जास्त मद्यार्क निघाला, तर 'मी औषध घेतले होते' हे आरोपीने सिद्ध करायचे. सरकारच्या डोक्यावरचे ओझे आरोपीच्या डोक्यावर आले. आता मामला नाकावर अवलंबून राहिला नाही. तो एका काचेच्या कुपीत आला. भांडण मिटले असे सगळ्यांना वाटले असणार.

ते दोन वर्षेही टिकले नाही. एप्रिल १९६१ मध्ये खानदेशात मोटारीचा एक भीषण अपघात झाला, माणसे दगावली. खटला अमळनेरच्या कोर्टात उभा राहिला (साने गुरुजींच्या शाळेचे गाव म्हणून आपल्याला माहीत असलेले तेच अमळनेर). आरोपी उखा कोल्हे यांच्या रक्तात ०.०६९ टक्के मद्यार्क निघाला, म्हणजे मर्यादेच्या वर. पण वकिलांनी विचारले, रक्त घेतल्यापासून परीक्षकाच्या टेबलावर पोहोचेपर्यंत ती कुपी होती कोठे? कोणाच्या ताब्यात? तिचे सील शाबूत होते का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६३ चा निकाल असा, की सगळा खटला पुन्हा नव्याने चालवायला नको, पण अपिलात या मुद्द्यावर जादा पुरावा घ्यावा. प्रश्न मात्र कायमचा नोंदला गेला.

पुढे सत्तरच्या दशकाच्या तोंडाशी, बचुभाई करियानी यांच्या मुंबईतल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही फेडली. तोंडाला वास, डगमगती चाल, अडखळते बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असे ठरवता येणार नाही. नाकाचे राज्य संपले आणि कुपीचे सुरू झाले.

१९८८ चा नवा मोटार वाहन कायदा आला तेव्हा आधी लिहिले होते की रक्तात मद्यार्क अगदी थोडा असला तरी गुन्हा. १९९४ मध्ये दुरुस्ती होऊन तीस मिलिग्रॅमची मर्यादा आली आणि तोंडात फुंकायचे यंत्रही आले. गंमत पाहा. दारूबंदी कायद्याचे ०.०५ टक्के म्हणजे शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम, आणि मोटार कायद्याची मर्यादा तीस. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला कायदा जास्त कडक आहे, आणि तो असायलाच हवा. दंड मात्र तेव्हा दोन हजारांपर्यंतच होता. दहा हजार झाला तो २०१९ च्या दुरुस्तीने.

माणसे मेली तर? १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालवणाऱ्या अ‍ॅलिस्टर परेराच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क होता. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा मानून सहा महिने दिले. त्यावर ओरड झाली. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षे दिली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. इतका पिऊन गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असतेच, असे मानायला त्या निकालाने बळ मिळाले. त्याउलट २००२ च्या वांद्र्याच्याच अपघातात अभिनेता सलमान खान याला सत्र न्यायालयाने दिलेली पाच वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये रद्द केली. त्या निकालातही रक्ताच्या नमुन्याची हाताळणी हा एक मुद्दा होताच. अमळनेरचा प्रश्न चोपन्न वर्षांनी वांद्र्यात पुन्हा विचारला गेला.

आणि मग १९ मे २०२४, पुण्याचे कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, तो तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह. आयुष्यभर पोरांकडून निबंध लिहून घेतलेल्या माणसाला काय वाटले असेल ते सांगत बसत नाही. पण निबंधापेक्षा मोठी गोष्ट आठवडाभरात बाहेर आली. ससूनमध्ये मुलाच्या रक्ताचा नमुना टाकून देऊन त्या जागी दुसऱ्याचे रक्त ठेवल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी तिथल्या दोन डॉक्टरांना अटक केली. आरोपांचा निकाल न्यायालय लावील. पण नाकावर भरवसा नको म्हणून आपण कुपी आणली, आणि शेवटी संशय कुपी भरणाऱ्या हातावरच आला, एवढे तरी खरे.

आता बचावाबद्दल. काही जण म्हणतात, असल्या माणसांना वकील तरी कशाला? मी याच्याशी सहमत नाही. कायद्याने दिलेले बचाव फार साधे आहेत. फुंकण्याचे यंत्र केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचे हवे. कलम १८५ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाही तर सोडून द्यावे लागते. नमुना कोणी घेतला, सील कोणी केले, कोठे ठेवला, याची नोंद हवी. हा गुन्हा रस्त्यावर दंड भरून मिटत नाही, कोर्टात जावेच लागते, म्हणून तिथे हे सगळे विचारता येते. हे प्रश्न विचारण्याचा हक्क श्रीमंताच्या पोराला आहे तसाच भाड्याची गाडी चालवणाऱ्यालाही आहे.

आणि खरी मेख इथेच आहे. आमच्या धरणाभोवती आता तंबूंची वस्ती झाली आहे. शनिवारी पाहुणे येतात, रात्र जागते, रविवारी तिकोना-लोहगडाच्या पायथ्याच्या अरुंद रस्त्यांवरून त्या गाड्या परततात. त्याच रस्त्यावर दूध घेऊन जाणारा असतो, शाळेची पोरे असतात आणि त्याच पाहुण्यांची ने-आण करणारी आमच्या गावांतली ड्रायव्हर पोरेही असतात. यातल्या एखाद्याने चहापाण्याच्या नावाखाली दोन घोट घेतले आणि सापडला, तर दहा हजार म्हणजे त्याची बहुतेक महिन्याची कमाई, आणि परवाना निलंबित झाला तर चूल बंद. नमुन्याचे सील तपासायला त्याच्याकडे वकील नसतो. तो पहिल्या तारखेला 'गुन्हा कबूल' म्हणतो आणि उसने पैसे भरतो. त्याला हे ठाऊक नसते, की उत्पन्न कमी असेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी तालुक्याला विधी सेवा समिती असते.

पेसिकाकांपासून कल्याणीनगरपर्यंत पाहिले तर कुपीबद्दलचा प्रश्न बहुतेक त्यांनीच विचारला, ज्यांना वरच्या कोर्टापर्यंत जाणे परवडले. प्रश्न चुकीचा नव्हता. तो सगळ्यांच्या वाट्याला आला नाही, एवढेच. कायदा कडक करायला एक दुरुस्ती पुरते. नमुना घेणारा डॉक्टर, सील लावणारा शिपाई आणि नोंद ठेवणारा कारकून प्रामाणिक असणे ही गोष्ट दुरुस्तीने होत नाही. ती घरात आणि शाळेत व्हावी लागते, आणि तिथे आपण सगळेच थोडेथोडे कमी पडलो असे वाटते.

असो. भाचे-पुतणे मंडळींना एवढेच सांगणे, की पवनेकाठी जरूर या, चांदणे पाहा, पिठलं-भाकरी खा. ज्याला प्यायची असेल त्याने रात्री इथेच राहावे आणि किल्ली न पिणाऱ्याच्या खिशात द्यावी. दंड किती, हे मग विचारावेच लागणार नाही.