सुस्मित नसलेला इंडियन ओशन

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी स्टेजवरची माणसं मोजत होतो. पाच. माझ्या डोक्यातल्या इंडियन ओशनमध्ये मात्र चारच जण होते, आणि त्या चारांपैकी दोघंच समोर उभे होते: बास घेऊन राहुल राम आणि ड्रम्समागे अमित किलम. गिटारवर सुस्मित सेन नव्हता. तबल्यामागे असीम चक्रवर्ती नव्हता. पुण्यातल्या त्या मैदानावर माझा जिवलग बँड ऐकायला मी तिकीट काढून आलो होतो आणि मनातून थोडा फुगून बसलो होतो.

हा फुगवा कॉलेजपासूनचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या रूममेटनं एक हार्डडिस्क दिली, त्यात सिनेमे आणि सबमिशनच्या फायलींबरोबर ‘कंदिसा’ नावाचा फोल्डर होता. सबमिशनच्या रात्री तो लूपवर चालायचा. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, एकदा यांना लाइव्ह ऐकायचंच. मग नेटवर कळलं, सुस्मितनं 2013 मध्येच बँड सोडलाय. ‘आता काय अर्थ आहे?’ असं म्हणून आम्ही तो विषय बंद केला. पुढे रूममेट जर्मनीला गेला, मी हिंजवडीला.

आता थोडा इतिहास. सुस्मित आणि असीम या दोन मित्रांनी 1990 मध्ये दिल्लीत हा बँड सुरू केला. 1991 मध्ये राहुल आला, 1994 मध्ये अमित. त्यानंतर पंधरा वर्षं या चौघांत बदल झाला नाही. ‘डेझर्ट रेन’ (1997), ‘कंदिसा’ (2000), ‘झीनी’ (2003) ही सगळी त्या पंधरा वर्षांतली कमाई. सुस्मित साधी अकूस्टिक गिटार वाजवायचा, पण ऐकताना कुठं सतार, कुठं सरोद आठवायची. असीम मांडी घालून तबला वाजवायचा आणि त्याच वेळी गायचाही.

यांची गाणी कुठून कुठून आली ते बघा. ‘कंदिसा’ हे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांचं प्राचीन सीरियाक भाषेतलं प्रार्थनागीत. ‘मा रेवा’ नर्मदेचं. राहुल राम अमेरिकेत कॉर्नेलला पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर पीएचडी करून परतला आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करू लागला. हीच नर्मदा आपल्या नंदुरबारच्या अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांच्या कडेनं वाहते. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, ती इथलीच. पुण्या-मुंबईच्या पोरांना नर्मदा भूगोलाच्या पुस्तकात भेटते. मला ती या गाण्यात भेटली. ‘ब्लॅक फ्रायडे’ तर थेट मुंबईचा, 1993 च्या बॉम्बस्फोटांवरचा. त्यातलं पीयूष मिश्रानं लिहिलेलं ‘बंदे’ माहीत नाही असा कॉलेज फेस्ट मी पाहिलेला नाही.

25 डिसेंबर 2009 ला असीम गेला. हृदयविकारानं. त्याच्यावर आणि बँडवर बनलेली ‘लीव्हिंग होम’ ही डॉक्युमेंटरी थिएटरमध्ये लागली 2010 मध्ये, म्हणजे त्याच्यामागे. त्याच वर्षी आलेल्या ‘16/330 खजूर रोड’मध्ये त्याचा आवाज शेवटचा ऐकू येतो. हा पत्ता दिल्लीतल्या करोलबागेतल्या त्या जुन्या घराचा, जिथं बँड तालीम करायचा. ती गाणी त्यांनी फुकट डाउनलोडला ठेवली. असीमच्या जागी दोन माणसं घ्यावी लागली: तबल्याला तुहिन चक्रवर्ती, गाण्याला हिमांशू जोशी. एका माणसाची जागा किती मोठी होती, याचा याहून सोपा हिशोब नाही.

तीनेक वर्षांत सुस्मितही बाहेर पडला, स्वतःचं संगीत करायला. गिटार निखिल रावकडे आली.

आमच्या कंपनीत कुणी राजीनामा दिला की नोटीस पिरियडमध्ये ‘केटी’ होते. जाणारा राहणाऱ्याला सगळं समजावून सांगतो, कॉलचं रेकॉर्डिंग होतं, कोणी ते पुन्हा बघत नाही. कोड मागे राहतो. पण अमुक ठिकाणी असंच का लिहिलं, ते त्या माणसाबरोबर जातं. गिटारची केटी कशी करणार? मैदानावर मी हेच तपासायला बसलो होतो. निखिल कुठं चुकतो, बघू.

‘मा रेवा’ सुरू झालं. मला पाठ असलेल्या जागा आल्या. काही तशाच, काही नाही. एका ठिकाणी निखिल भलतीकडेच गेला, राहुलनं त्याच्याकडे बघून मान डोलावली आणि अमितनं ठेका बदलला. मी चूक शोधत होतो आणि ते तिघं एकमेकांचं ऐकत होते.

तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. असीम गेला तेव्हा मी सातवीत होतो. सुस्मित असलेला बँड मी एकदाही प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. ज्या ‘खऱ्या’ इंडियन ओशनसाठी मी रुसलो होतो, तो माझ्यासाठी कायम एक फोल्डर होता. मी एका रेकॉर्डिंगशी इमान राखत होतो आणि त्यापायी जिवंत बँड इतकी वर्षं टाळत होतो. निखिलला तर एव्हाना दहा वर्षांहून जास्त झालीत. ‘मसान’ (2015) आणि ‘तू है’ (2023) त्याच्याच काळातले.

शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती. ‘मसान’मधलं ‘तू किसी रेल सी’ आलं, तेव्हा तिनं डोळे मिटून पूर्ण म्हटलं. तिच्यासाठी मूळ बँड हाच. तिला कुणाची उणीव जाणवत नव्हती आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

सुस्मितची गिटार मला अजूनही हवीशी वाटते. घरी येताना मी जुनं ‘कंदिसा’च लावलं. पण त्याआधी ‘मा रेवा’चा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ जर्मनीला पाठवला. आवाज फाटलेला, समोर कुणाचं तरी डोकं.

पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘गिटारवर कोण आहे रे? भारी वाजवतोय.’