साक्षीचा शब्द आणि न्यायालयाचा निवाडा
(मालवण किनाऱ्याच्या संदर्भात काही विचार)

इ. स. १८१२ पर्यंत मालवण व त्यासमोरील सिंधुदुर्ग किल्ला करवीरकर छत्रपतींच्या अमलाखाली होता. त्या वर्षीच्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि येथील रयतेच्या दाद मागण्याची अखेरची दिशा कोल्हापूरकडून मुंबईकडे वळली. १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाल्यावर ही दिशा पक्की झाली. शेजारच्या सावंतवाडी संस्थानाची न्यायव्यवस्था मात्र संस्थान विलीन होईपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, स्वतंत्र होती. पुढे १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा काढलेला सिंधुदुर्ग जिल्हा ह्या दोन्ही परंपरांचा वारसदार ठरला. १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे, म्हणजे फिरत्या खंडपीठाचे, उद्घाटन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले व दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्यास जोडलेले आहेत. दोनशे तेरा वर्षांनी मालवणच्या अपिलाची वाट पुन्हा घाटावर चढली, असे म्हणावयास हरकत नाही.

सुमारे पाचशे किलोमीटरांवरील मुंबईऐवजी फोंडा घाट चढून कोल्हापुरास जाणे पक्षकारास किती सोयीचे, हे सांगावयास नकोच. परंतु न्यायालय आणि सामान्य मनुष्य यांच्यातील अंतर केवळ कोसांनी मोजता येत नाही. साक्षीदाराच्या तोंडून निघालेला शब्द निवाड्यापर्यंत पोहोचेतो किती रूपे पालटतो, हेही एक अंतरच होय. आणि ते खंडपीठ जवळ आल्याने कमी होत नाही. अलीकडील काही दिवाणी व फौजदारी निर्णयांच्या आधारे ह्या दुसऱ्या अंतराचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मागील परंपरेकडे पाहू. मराठेशाहीतील न्यायपद्धतीचा डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साक्षेपाने अभ्यास केला आहे. गोतसभेपुढे वादी व प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत. निवाडा मान्य करू अशा अर्थाचा राजीनामा देत. आणि निकालाचा महजर अथवा निवाडपत्र होई. आज 'राजीनामा' म्हणजे पदत्याग. त्या काळी तो निवाड्यास राजी असल्याचा कागद होता. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. दिव्यासारखे प्रकार आज कोणी स्वीकारणार नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : तकरीर देणारा, ती ऐकणारे गोत आणि निवाडा लिहिणारा कारकून हे एकाच भाषाव्यवहारातील असत. कागद फारसी वळणाचा असला तरी बोलणाऱ्याचा अर्थ पारखणारे लोक त्याच्याच गावचे होते.

इंग्रजी अमलात हा दुवा तुटला. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण कोकणातच जन्मलेल्या एका पुरुषाच्या खटल्यांत सापडते. १८९७ साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील अप्रीतीवाचक शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' एवढा व्यापक केला. शब्दाच्या घटनेवरून अर्थ काढण्याची ही रीत भाषाशास्त्रास मान्य होणारी नाही; कारण रूढ अर्थ अवयवांच्या बेरजेतून निघतोच असे नाही. 'असुर' म्हणजे सुरेचा वा सुराचा अभाव नव्हे. सहा विरुद्ध तीन अशा ज्यूरीच्या मताने टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ च्या खटल्यात तर वादाचा मोठा भाग 'केसरी'तील लेखांच्या भाषांतराविषयीच होता. टिळकांनी स्वतः आपले काम चालवून भाषांतरकाराची उलटतपासणी केली. इंग्रजी राजकीय कल्पनांसाठी मराठीत शब्द नुकतेच घडत असता शब्दाला शब्द ठेवून केलेल्या भाषांतराने लेखाचा सूर पालटतो, हे त्यांच्या युक्तिवादाचे एक सूत्र होते. २२ जुलै १९०८ रोजी सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले व सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यांनी त्यांस दोषी ठरविले त्यांनी मूळ मराठी लेख नव्हे, तर त्यांचे भाषांतर पारखले होते. ज्या कलमाखाली हे घडले त्याचा अंमल सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ च्या आदेशाने थांबविला. आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम गेले, पण भाषांतराचा प्रश्न राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात न्यायालयांनी ह्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले, असे मात्र म्हणता येणार नाही. १९६२ साली महाराष्ट्रातील एका स्थानबद्धाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, इंग्रजी न जाणणाऱ्या माणसास स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देऊन राज्यघटनेचे पालन होत नाही. ती त्यास समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. हेच तत्त्व ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, पुन्हा महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, पुष्कळ पुढे नेण्यात आले. अपराध कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्यास समजेल अशा भाषेत द्यावीत. तत्काळ लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, परंतु कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्यापूर्वी किमान दोन तास तरी लेखी द्यावीत, असा हा निर्णय आहे.

'समजेल अशी भाषा' हे शब्द वाचताना मालवणच्या दांडीवरील रापणकर डोळ्यांपुढे येतो. त्याच्या हाती मराठी कागद दिला म्हणजे अट पुरी झाली काय? 'सदर इसमाने संगनमताने नमूद मुद्देमाल कब्जात बाळगून' अशा धाटणीचे वाक्य लिपीने मराठी असते, पण जाळी ओढणाऱ्या माणसास ते इंग्रजीहून फारसे जवळचे नसते. निर्णयाचा हेतू समजुतीचा आहे, भाषेच्या नावाचा नव्हे. तो हेतू कितपत पार पडतो, हे पोलीस ठाण्यात कागद कसा लिहिला जातो ह्यावर अवलंबून राहील.

येथे मालवणी बोलीचा विशिष्ट प्रश्न उद्भवतो. ती मराठीची बोली की कोकणीची, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) ह्या भागातील बोलीस 'कुडाळी' ह्या नावाने कोकणीच्या प्रकरणात स्थान आहे. व्यवहारात मात्र न्यायालये ती मराठीच समजतात. त्याचा परिणाम विचार करण्यासारखा आहे. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलला, तर ती साक्ष त्याच भाषेत टिपावी किंवा तिचे खरे भाषांतर अभिलेखात ठेवावे, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती व नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तामिळ बोलणाऱ्यास दुभाषा मिळतो. मालवणी बोलणाऱ्यास तो मिळत नाही. कारण त्याची भाषा वेगळी मानलेलीच नाही. त्याच्या वाक्याचे प्रमाण मराठीत रूपांतर मात्र होतेच. ते कोणी केले, कसे केले, ह्याची नोंद नसते. १९०८ साली टिळकांपुढे उलटतपासणीसाठी भाषांतरकार तरी उभा होता!

एक व्याकरणाचे उदाहरण घेऊ. मालवणीत 'तो माका मारतलो' हे भविष्यकाळी वाक्य आहे : 'तो मला मारील'. हे क्रियारूप प्रमाण मराठीत नाही. देशावरून आलेल्या लेखनिकाने ते 'तो मला मारत होता' असे टिपले, तर भीतीचे वर्णन घडलेल्या माराचे वर्णन होऊन बसते. उलटतपासणीत साक्षीदार 'अजून मारूक नव्हतो' असे म्हणाला की तो विसंगत बोलतो, असा आरोप येतो. खाजगी संरक्षणाचा हक्क हल्ल्याच्या वाजवी भीतीपासूनच सुरू होतो, हे लक्षात घेतले म्हणजे क्रियापदाच्या एका प्रत्ययावर काय अवलंबून असू शकते ते कळते.

दिवाणी प्रकरणांत शब्दाचे मोल ह्याहूनही अधिक आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असा निर्णय दिला की, हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतःच हक्क आहे व त्यासाठी २००५ ची दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, पिता हयात असण्याची आवश्यकता नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र अबाधित राहते. नुसत्या तोंडी पुराव्यावर सांगितलेली वाटणी ग्राह्य नाही. सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच, अपवाद म्हणून, ती मानता येईल. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींस सहदायाद केले होते. परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली त्या कायद्याच्या बाहेर राहिल्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीने ती मर्यादा उरली नाही.

सिंधुदुर्गात ह्या निर्णयाचे महत्त्व फार आहे. येथील माडबागा, आंब्याची कलमे व भातजमिनी कित्येक पिढ्या सामाईक राहिलेल्या. एका सातबाऱ्यावर नावांची लांबलचक ओळ, त्यांतील निम्मे लोक मुंबईस. सोयीसाठी एक भाऊ एक कुणगा कसतो, दुसरा दुसरा. ही वहिवाट होय, वाटणी नव्हे. अशा घरातील वृद्ध साक्षीदार 'आमी भाव येगळे झालो' असे सांगतो. त्याच्या बोलीत ह्याचा साधा अर्थ बहुधा 'चूल वेगळी झाली' एवढाच असतो. कायद्याच्या दृष्टीने वेगळे राहणे व वेगळे शिजविणे म्हणजे मिळकतीचे विभाजन नव्हे. पण साक्षीत 'आम्ही विभक्त झालो' असे टिपले गेले, पुढे इंग्रजीत विभाजनाचा पारिभाषिक शब्द आला आणि त्यास जोडून एखादी जुनी फेरफार नोंद उभी राहिली, म्हणजे चुलीची गोष्ट जमिनीची होते. त्या घरच्या माहेरवाशिणीचा जन्मसिद्ध हिस्सा अशा एका शब्दाच्या आड अडकू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने तोंडी वाटणीविषयी जी सावधगिरी सांगितली, तिचे मर्म हेच की, वाटणीच्या नावाखाली मुलीचा हक्क बुडविला जाऊ नये. ती सावधगिरी साक्ष टिपण्याच्या पायरीवरही हवी.

वरच्या पायरीवर काय घडते, तेही पाहिले पाहिजे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली. ओरोस येथील जिल्हा न्यायालयात मराठी साक्ष मराठीतच नोंदता येते. परंतु राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार ह्या चार राज्यांत तेवढी हिंदीस परवानगी आहे. त्यामुळे अपील कोल्हापुरास गेले तरी साक्ष इंग्रजीतच वाचली जाण्याचा संभव अधिक. उलट दिशेने मात्र प्रगती आहे : सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निर्णय यांत्रिक भाषांतराच्या साहाय्याने मराठीतही उपलब्ध होऊ लागले आहेत. निवाडा खाली उतरताना मराठी होऊ लागला. साक्ष वर चढताना मराठी कशी राहील, हा प्रश्न उरतो.

ह्यावर मोठे कायदे करावे लागतील असे नाही. साक्षीतील ज्या वाक्यावर निकाल फिरण्याजोगा आहे, ते साक्षीदाराच्या मूळ शब्दांत अवतरणचिन्हांत टिपावे व पुढे प्रमाण मराठी अर्थ द्यावा. साक्ष वाचून दाखविण्याची जी तरतूद आहेच, ती साक्षीदाराच्या बोलीत समजावून पाळावी. अपिलाच्या कागदपत्रांत इंग्रजीशेजारी मूळ मराठी उतारा असावा. नाती, जमीन, वहिवाट, भांडण व धमकी ह्यांविषयीच्या मालवणी शब्दांचा व क्रियारूपांचा एक छोटा कोश तयार करणे हे काम मात्र न्यायालयाचे नव्हे. ते विद्यापीठीय भाषाविभागांचे आहे आणि ते आजवर झालेले नाही, ह्याचा दोष आपणा अभ्यासकांकडेच येतो. बोलींची नमुनेवार वाक्ये आपण पुष्कळ गोळा केली. ती बोलणाऱ्या माणसाचे त्या वाक्यावर काय अवलंबून असते, हे क्वचितच विचारले.

कोल्हापूरच्या खंडपीठाने घाटाचे अंतर कमी केले. उरलेले अंतर शब्दाचे आहे, आणि ते साक्षीच्या पिंजऱ्यापाशी, पहिल्या वाक्याच्या नोंदीपासूनच कमी करावे लागेल.