वरात आणि पेव

साताऱ्याच्या परिसरातील धावडशी या लहानशा गावी ब्रह्मेंद्रस्वामींच्या समाधीपाशी बसले असता, ज्याने संसाराचा त्याग केला त्या संन्याशापुढे मुलुखगिरी करून चौथाई वसूल करणारे सरदार कर्जासाठी का हात पसरीत असावेत, हा विचार मनातून जात नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीने 1727 मध्ये परशुरामक्षेत्राची नासधूस केल्यावर स्वामी घाटावर आले आणि 1745 मध्ये येथेच समाधिस्थ झाले. इनाम गावांचे उत्पन्न आणि शिष्यांच्या भेटी यांतून साठलेला पैसा ते व्याजाने देत, तगादा लावून वसूल करीत आणि विहिरी, तळी, देवालये यांत घालीत. खुद्द थोरले बाजीराव त्यांचे ऋणको होते. सावकारांच्या व शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळ झिजले, अशा आशयाचे त्यांचे स्वामींना लिहिलेले पत्र वाचताना आजही अंतःकरण हलते.

या ऋणाचा सारा दोष विलासावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. चौथाईच्या शंभर रुपयांतून पंचवीस राजबाबतीचे, सहा साहोत्र्याचे आणि तीन नाडगौंडीचे वजा जाऊन सहासष्ट रुपये ऐन मोकासा म्हणून सरदाराकडे येत, आणि त्यावर त्याने फौज बाळगावयाची असे. परंतु फौज दसऱ्यास सीमोल्लंघन करी, शिलेदार आधी नालबंदीची रोकड मागत, आणि महालांचा वसूल त्यानंतर हप्त्याहप्त्याने येई. मधली तूट भरण्यास दिवाण पुढील वसुलावर वरात लिहून देई आणि सावकार तिच्यावर रोकड मोजी. पाऊस चुकला किंवा महाल शत्रूने लुटला, की वरात तशीच राही व व्याज चढत जाई. अशा स्थितीत काटकसर करावी म्हटले तरी सोपे नव्हते, कारण दारी झुलणारा हत्ती विकला की पहिली कुणकुण सावकारास लागे. म्हणजे जो डौल कर्ज वाढवी, त्याच डौलावर नवे कर्ज मिळे. थोरल्या माधवरावांनी 1772 मध्ये मृत्युशय्येवरून कर्जफेडीची कलमे लिहवून घेतली, त्यांत मला त्यांच्या लढायांपेक्षाही मोठे धैर्य दिसते.

दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा 1719 साली आल्या, त्याच सुमारास, म्हणजे शके 1641 मध्ये, साताऱ्याजवळ लिंब येथे वीरूबाई भोसले यांनी विहिरीचे काम आरंभिले व ते शके 1646 मध्ये पुरे झाले. बारा मोटा एकदम चालाव्यात एवढी ती विस्तीर्ण, वर राजवाड्यासारखी दगडी बैठक, आणि सारे पाणी आमराईकरिता. मोठ्या घरचाच हा खर्च, पण मोटेच्या धावेवरील दगडाला हात लावला की तो वाया गेला असे कोण म्हणेल!

कृष्णेच्या खालच्या अंगास सांगलीकडे आले, की पैशाची दुसरीच रीत दृष्टीस पडते. मिरजेच्या चुलत्यांपासून वेगळे होऊन चिंतामणराव पटवर्धनांनी 1801 मध्ये सांगली ही आपली राजधानी केली. पुढे हळदीच्या व्यापाराने ती पेठ नावारूपास आली, आणि त्या व्यापाराची खरी तिजोरी होती कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरची पेवे. तेथील माती अशी घट्ट, की जमिनीत खोल खड्डा खोदून, आत कडब्याचे अस्तर देऊन हळद भरावी, तोंड मातीने लिंपावे, आणि भाव येईपर्यंत वर्ष-दोन वर्षे निश्चिंत असावे. वाळवी लागत नसे, कीड पडत नसे. वरातीने पुढल्या वर्षाचे पीक आज खाल्ले जाई; पेवात मागल्या वर्षाचे पीक उद्यासाठी राही. दोन्ही रीती एकाच नदीच्या काठच्या, आणि श्रीमंती दोन्हीकडे होती, हे आमच्या इतिहासकारांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

पेव उघडताना लिंपण फोडल्यावर कोणी लगेच खाली उतरत नसे. कोंडलेली हवा जीव घेते, हे तेथल्या हमालांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ते तोंड उघडे टाकून बाजूस बसत, वारा खेळू देत, आणि मग एक जण दोर धरून अंधारात उतरे. थोड्या वेळाने पहिली पाटी वर येई, आणि कधीकाळी भरलेल्या हळदीचा पिवळा धुरळा त्याच्या भुवयांवर बसलेला असे.